'संथ' म्हणजे नक्की किती?

प्रश्न : सांगलीच्या गावभागात आम्ही आठवी-नववीच्या मुलांचा वाचनगट चालवतो. कृष्णेवरची कविता वाचली की सगळ्यांच्या वहीत 'नदी आपली माता आहे, तिला स्वच्छ ठेवू या' एवढंच उतरतं. वाचनामुळे मुलांचं नदीकडे खरंच लक्ष जावं, यासाठी काय करावं?

उत्तर : निबंध काही महिने बंद ठेवा. कवितेतला एकच शब्द घ्या आणि तो घाटावर नेऊन तपासा.

'संथ' घ्या. घाटाच्या कडेने दोरीने 20 मीटर मोजा, दोन्ही टोकांना एकेक मूल उभं करा. वरच्या टोकाच्याही थोडं वरून सालासकट संत्रं धारेत लांब फेका आणि दोन खुणांमधलं अंतर ते किती सेकंदांत कापतं ते पाहा. असं तीनदा करून सरासरी काढा. 20 ला सेकंदांनी भागलं की वरच्या पाण्याचा वेग मिळतो, त्याला 0.85 ने गुणलं की धारेचा सरासरी वेग साधारण कळतो. पान किंवा थर्माकोल वापरू नका, त्यांना वारा ढकलतो; संत्र्याचा बराचसा भाग पाण्याखाली राहतो. संत्रं पायऱ्यांजवळ पडलं तर तिथं पाणी उलटं फिरतं, तो आकडा सोडून द्या. ऑक्टोबरात आणि पुन्हा एप्रिलमध्ये मोजा. बंधाऱ्याने तुंबलेल्या पाण्यात संत्रं जागचं हलेनासं झालं की 'संथ' आणि 'अडलेलं' यांतला फरक मुलं आपणहून बोलतात. मग कृष्णेवरचा आयर्विन पूल दाखवा, पुराची पातळी तिथं मोजतात. तिथं 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. त्या दिवसांतल्या पाण्याला कोणता शब्द द्यायचा, ते मुलांनाच शोधू द्या.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. या पट्ट्यात मगरी आहेत. शेवटच्या कोरड्या पायरीच्या तीन पायऱ्या वरच थांबायचं, पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं आणि पावसाळ्यात घाटावर जायचंच नाही.

दुसरा शब्द 'मळी'. आजोबांना विचारलं तर मळी म्हणजे पुराच्या गाळाने पोसलेलं नदीकाठचं रान, वांग्यांचं. कारखान्याच्या माणसाला विचारलं तर साखर काढून उरलेला काळा, चिकट पाक. ही दुसरी मळी पाण्यात गेली की जिवाणू तिच्यातली साखर खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे तोंड वर काढून तडफडतात. एकाच शब्दात नदीने दिलेलंही आहे आणि नदीत सोडलेलंही. असा शब्द हाती आला की तासभर तिथंच रमा, पुढची कविता राहिली तरी चालेल.

ओव्या गोळा करायच्या असतील तर आजीला 'ओव्या सांगा' म्हणून समोर बसवू नका. अशाने दोन ओळींपुढे गाडी जात नाही. जातं असेल तर हात फिरू द्या, नसेल तर तांदूळ निवडायला घ्या. हात चालला की ओवी येते. बोली न सुधारता जशी ऐकू येते तशी उतरवा, आणि त्यात पाणवठा, डोह, उतार असं काही आलं तर 'कुठला? कोणत्या महिन्यातला?' हे त्याच बैठकीत विचारा.

प्रश्न : वहीत काय लिहून घ्यावं?

उत्तर : तारीख, वेळ, पाणी कितव्या पायरीवर आहे, आणि त्या दिवसाचा एक नेमका शब्द. 'घाण वास' चालवून घेऊ नका. कुजलेल्या अंड्यासारखा असेल तर तळाशी प्राणवायू संपून सांडपाणी कुजतंय. गुळासारखा आंबूस असेल तर तो पाण्याचा की साखर कारखान्याकडून वाऱ्यावर आलेला, हे कळायला वाऱ्याची दिशाही लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा जा.