सहावीतली हुशार मुलगी वर्गात कंटाळते. एक इयत्ता पुढे बसवावी की पुण्याला ठेवावी?

तुम्ही लिहिलंय, धुळ्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेतले सर म्हणतात, "पोरगी हुशार आहे, पण बोलणं गावठी, ते आधी सुधारा." बाकीचा प्रश्न बाजूला राहिला, मी या वाक्यावरच अडकले.

2004 साल, पारोळा तालुका, मी सहावीत. सर शेकडेवारी शिकवत होते. आदल्या दिवशी आमच्या ओट्यासमोर खेडा खरेदीवाल्याने, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने, कापूस मोजला होता, 6 क्विंटल 40 किलो. कट्टी, म्हणजे वजनातली कपात, क्विंटलमागे 2 किलो. त्याने सहा क्विंटलचे 12 कापले आणि वरच्या 40 किलोचेही पूर्ण 2. म्हणजे 14. वरच्या 40 वर 800 ग्रॅमच बसतात, हे मला रात्री गोधडीत पडल्या पडल्या सुचलं. सकाळी वर्गात उभी राहून आमच्या अहिराणी बोलीत विचारलं, "सर, बाराशे गरामना पैसा कोठे ग्यात?"

सगळा वर्ग खिदळला. सर म्हणाले, "आधी शुद्ध बोल, मग गणित." गणित बरोबर होतं की चूक, ते त्यांनी बघितलंही नाही. (घरी आबांनी बघितलं. पुढच्या वेचणीपासून काट्याजवळ मला उभं करायचे.) सातवीत शिष्यवृत्तीच्या जादा तासाला चार पोरं निवडली, त्यात माझं नाव नव्हतं. काकांच्या मुलाचं होतं. गाईड त्याला मिळालं, त्यातली अडलेली गणितं घरी मी सोडवायची.

म्हणून सांगते, तिला अहिराणी सोडायला लावू नका. जी भाषा डोक्यात चालते तिच्यातच पोर हिशेब करतं.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर पुणं विसरा. नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची सहावीची प्रवेश परीक्षा हुकली, पण नववीला रिकाम्या जागांसाठी परत होते. आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा द्यायला लावा, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावीला आणि नववीला असते, ती मराठीतूनही देता येते, शाळेत लगेच चौकशी करा. इयत्ता ओलांडायला लावू नका, बारा वर्षांची पोर थोरल्या मुलींत एकटी पडते. हेडसर तयार असतील तर गणिताच्या तासापुरती सातवीत बसवा, तेवढं पुरे.

अर्थात परीक्षेच्या पेपरात प्रमाण मराठीच लागते, ती शिकवावीच लागेल. आणि सगळे सर तसे नसतात, हेही खरं.

तो चुलतभाऊ आजही म्हणतो, जादा तासाची यादी गुणांवर लागली होती. भाऊ, तू हे वाचशीलच. सहावीच्या वार्षिकचे पेपर आईने ट्रंकेत ठेवलेत, तुझाही त्यातच आहे. गणितात माझे 46, तुझे 38. दिवाळीला ये, दाखवते.