न्यिमो पहिल्यांदा लावताय?

हरारेजवळ न्यिमो, म्हणजे बांबारा भुईमूग, लावायचं ठरवलंत, मनापासून आनंद झाला. जमीन हलकी, वाळूमिश्रित घ्या. पाऊस ओढ देतो तेव्हा हे पीक तग धरतं, पण पाणी साचलं की सडतं. युरिया नको, नुसता पाला माजतो. फुलं आली की मातीची भर द्या. भुईमुगासारख्याच शेंगा जमिनीत भरतात.

आता बियाणं. बाजारातलं बी पांढरं, लाल, काळं असं मिसळीचं असतं आणि तीच तुमची पुंजी. झाड स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागानं बी धरणारं, म्हणून त्या मिसळीत कितीतरी शुद्ध वाण आधीच आहेत. चांगली २० झाडं खुणेनं बांधा, प्रत्येकाचं बी वेगळ्या पिशवीत ठेवा, पुढच्या हंगामात प्रत्येकाची वेगळी ओळ पेरा. संकराच्या मागे इतक्यात लागू नका. फूल इवलंसं, पुंकेसर काढताना हातातच मोडतं. माझी शेकडो वाया गेली.

शिजायला लागणारा वेळही वहीत लिहा. वाळलेला दाणा तासन्‌तास शिजतो, आणि सरपण विकत घेणाऱ्या घराला तोच खर्च जड जातो.

नायजेरियातल्या इबादानच्या आयआयटीए या शेती संशोधन संस्थेकडे न्यिमोच्या बियाण्याचे सुमारे २,००० नमुने आहेत. पण तिथलं बी मागवलंत तर आधी एकच ओळ लावून बघा: दिवस मोठा असला की काही वाण शेंगाच धरत नाहीत.