माइकसमोर : नऊ माणसं, दोनशे रुपये आणि शेवटची गाडी

(ओपन माइकवर, म्हणजे नाव नोंदवून कोणालाही काही मिनिटं सादर करता येणाऱ्या कार्यक्रमात, गाणाऱ्या, वाजवणाऱ्या वाचकांची पत्रं आणि उत्तरं)

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांचा आहे. डोंबिवलीला राहतो, ऐरोलीत बॅक ऑफिसला नोकरी करतो. स्वतः मराठी गाणी लिहितो आणि गिटारवर गातो. आतापर्यंत पाच ओपन माइक केले. तिसऱ्या वेळी खारला लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. गेल्या शुक्रवारी तीच जागा, तेच गाणं. समोर नऊ माणसं, त्यातली चार फोनमध्ये. दुसरं कडवं आठवेना, म्हणून पहिलंच पुन्हा गायलो. माझ्यानंतरच्या मुलानं हिंदी कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं ओळखीचं गाणं, घेतलं तर सगळे त्याच्याबरोबर गायला लागले. गाडी गाठायची म्हणून लगेच निघालो आणि दादरच्या पुलावर रडू आलं. मीही हिंदी कव्हर गाऊ का? की हे सगळं सोडून देऊ?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सोडू नकोस. आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही.

‘तीच जागा, तेच गाणं’ असं तू लिहिलंस. जागा तीच नव्हती. ओपन माइकला समोर बसलेली माणसं बहुतेक गाणारीच असतात, प्रत्येकाची पाळी पुढे-मागे असते. तुझा नंबर कितवा होता ते तू लिहिलं नाहीस, पण त्यावर बरंच ठरतं. पहिल्या दोघांच्या वेळी लोक अजून येत असतात, खुर्च्या सरकत असतात. सहावा-सातवा नंबर सोन्यासारखा. शेवटच्या तिघांसमोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. आणि फोनमध्ये पाहणाऱ्या त्या चौघांबद्दल : माझ्या पाहण्यात त्यातले निम्मे तरी स्वतःचे शब्द वाचत असतात. हल्ली वही कोण नेतो? शब्द फोनमध्येच असतात. पुढचा नंबर आपला असला की पोटात गोळा येतो आणि माणूस पुन्हा पुन्हा तेच कडवं उघडून बघतो. तूही तुझ्या आधीच्याच्या वेळी हेच केलं असशील. तो तुझा अपमान नव्हता.

मी दिवसा शाळेत गणित शिकवते आणि गेली अकरा वर्षं अशा ठिकाणी गाते. माझा पहिला ओपन माइक अंधेरीतल्या एका कॅफेत झाला. दुसऱ्या ओळीला काउंटरवरचा मिक्सर सुरू झाला आणि कोणाचं तरी शेक तयार होईपर्यंत चालूच राहिला. मी गाणं अर्ध्यात सोडून खाली उतरले आणि चार महिने कुठे गेले नाही. त्या चार महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं, मिक्सरचं नाही. आता गेल्या गेल्या आधी काउंटरवर जाते, ‘माझा नंबर पाचवा आहे, पाच मिनिटं मिक्सर नको’ असं सांगते. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

टाळ्यांनी मला फारसं काही शिकवलं नाही. शिकवलं ते एका जुलैच्या रात्री. पाऊस इतका की गाड्या बंद पडल्या आणि सातजण खारच्या एका खोलीत अडकले. माझ्या एका गाण्यात आजीच्या गिरगावातल्या खोलीचं वर्णन आहे, त्यातली एक ओळ ‘वीट’ या शब्दावर संपायची. हिंदी कविता म्हणणारा एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, ‘दीदी, वीज की वीट?’ मी चकित झाले. दोन वर्षं ते गाणं गात होते आणि लोक भिंतीतली वीज ऐकत होते! आपण मराठीत शेवटचा ‘अ’ उच्चारत नाही. ओळ ‘वीट’वर थांबली की ‘ट’ माइकपर्यंत पोचतच नाही, नुसता ‘वी’ लांबतो. मी तिथे ‘विटा’ केलं. ‘आ’वर सूर मोकळा सुटतो आणि शब्दही कळतो. तुझ्या गाण्यांतल्या ओळींची शेवटची अक्षरं एकदा तपासून बघ. ‘पाऊस’, ‘रात’, ‘हात’ अशा शब्दांवर ओळ लांबवत असशील तर मराठी माणसालाही शब्द कळत नसतील, मग इतरांना काय कळणार?

हे मला त्या मुलानं सांगितलं, कारण त्या रात्री कोणाला कुठे जाता येत नव्हतं. एरवी आपापला नंबर झाला की जो तो बॅग उचलतो, आणि मग शेवटी गाणारा रिकाम्या खुर्च्यांसमोर गातो. मला ही गोष्ट मनापासून लागते. ज्यांनी आपलं ऐकलं त्यांचं आपण ऐकायचं, ओपन माइकचं सगळं बळ यावर आहे. तुझी गाडीची अडचण खरी आहे, खारहून दादर, मग पूल चढून मध्य रेल्वे, मी ती धावपळ जाणते. म्हणून नाव नोंदवतानाच होस्टला लिही : ‘डोंबिवलीला जायचंय, पहिल्या अर्ध्यात ठेवा.’ तू आधीच्यांचं वेळेवर येऊन ऐक आणि तुझ्यानंतर निदान तिघांचं ऐकून निघ. दुसरा उपाय, गच्चीवरचे किंवा अंगणातले कार्यक्रम शोध. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, त्यामुळे तिथलं सगळं दहाच्या आत आटोपतं. बंद हॉलमध्ये मात्र बारा कधी वाजतात ते कळत नाही.

आता कडवं. विसरायला होतं ते बहुतेक पहिल्या शब्दावर. तो आठवला की पुढचं आपोआप येतं. प्रत्येक कडव्याचा फक्त पहिला शब्द कागदाच्या पट्टीवर लिहून ती गिटारच्या वरच्या कडेला चिकटव, जिथे फक्त तुला दिसेल. आणि पहिलंच कडवं पुन्हा गायलास हे उत्तम केलंस. थांबला नाहीस. ऐकणाऱ्याला ते गाणं असंच आहे असं वाटलं असणार.

हिंदी कव्हरचं म्हणशील तर, आवडत असेल तर जरूर गा. पण लोक सोबत गातात म्हणून तिकडे वळू नकोस. ओळखीच्या गाण्यात लोक स्वतःचा आवाज ऐकतात, नव्या गाण्यात तुझा. दोन्ही वेळी खोलीचा आवाज वेगळा असतो आणि शांत खोली म्हणजे नापसंती नव्हे. मराठी गाण्याआधी हिंदीत एकच वाक्य बोल : ‘ये गाना मेरे पापा की नाइट शिफ्ट के बारे में है.’ अर्थ समजावत बसू नकोस, त्यात तुझी पाच मिनिटं जातील.

प्रश्न : बाई, मी ६१ वर्षांचा, बेस्टमधून निवृत्त, भांडुपला राहतो. चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवतो. नातीनं ओपन माइकचं सांगितलं, तर ते २०० रुपये मागतात. गायचं आम्ही आणि पैसेही आम्हीच द्यायचे? शिवाय त्या पोरांत पेटी घेऊन जाणं शोभेल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : काका, पैशांचा राग मलाही यायचा. जागेचं भाडं, साउंडवाला आणि वीज यांचा खर्च असतो, तो तिकिटावर निघत नाही, म्हणून कुठे १००, कुठे २००-३०० घेतात. काही ठिकाणी तेवढ्याची कॉफी मिळते. नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगून घेतले तर द्यावेत असं माझं मत. पण तुमच्याकडून पैसे, वर ‘तिकीट काढणारे दोन मित्र आणाच’ अशी अट, आणि व्हिडिओचे वेगळे, असं असेल तर मुळीच जाऊ नका. तिथे गाणं दुय्यम असतं.

पेटी शोभेल का? अहो, ती पोरं तुमच्याभोवती गोळा होतील! गिटारवाले ढिगानं असतात, पेटी वर्षातून एखादी दिसते. फक्त आधी होस्टला कळवा की बसून वाजवणार आहात, म्हणजे एक टेबल किंवा चौरंग आणि छोटा माइक-स्टँड ठेवतील. माइक दोन मागा. एकच मिळाला तर तो तोंडासमोर घ्या, पेटीचा आवाज छोट्या खोलीत आपला आपण पोचतो. जाताना मालडब्यातून जा आणि सहाच्या आधी निघा.

आणखी एक. कोणी गिटारवाला साथीला बसतो म्हणाला तर हो म्हणा. तुम्ही काळी एकमध्ये गात असाल तर त्याला सांगा : गिटारच्या पहिल्या पट्टीवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव आणि ‘सी’चे कॉर्ड धर. काळी एक म्हणजे त्यांचा ‘सी शार्प’. जुळलं की त्याचाही चेहरा खुलतो, तुमचाही खुलेल. नातीला सोबत न्या.

प्रश्न : एसी खोलीत गिटार घरून लावून नेली तरी बेसूर होते, आणि माइक सारखा शिट्टी मारतो. काय करू?
– एक वाचक, वसई

उत्तर : बाहेरच्या दमट गरमीतून एसीत आलं की तारा गार होऊन आखडतात आणि सूर चढतो. घरून लावून नेण्याला अर्थ नाही. अर्धा तास आधी पोच, पिशवी उघडून गिटार खोलीत ठेव आणि चढायच्या आधी तिथेच सूर लाव. कॅपो लावल्यावर पुन्हा बघ, तो तारा किंचित चढवतो. पिकअपची (गिटारचा आवाज स्पीकरकडे पाठवणाऱ्या यंत्राची) ९ व्होल्टची बॅटरी जास्तीची ने. वायर गिटारला लावून ठेवलीस तर न वाजवताही बॅटरी उतरते, कारण बहुतेक गिटारमध्ये वायरचं टोक घुसवताच आतला आवाज वाढवणारा प्रीअँप सुरू होतो.

शिट्टीचं कारण एकच : स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, तोच वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, असं चक्र होतं. नेहमीचा गाण्याचा माइक समोरून ऐकतो आणि पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. म्हणून मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या बरोब्बर पाठीमागे हवा, म्हणजे तुझ्या पायांसमोर. मुख्य स्पीकरच्या पुढे कधीही उभी राहू नकोस. आणि माइकची जाळी मुठीत धरू नकोस. रॅपर मंडळींचं बघून ही सवय लागते, पण मागची भोकं बुजली की माइक सगळीकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी ठरलेली. गिटारच्या पोटातून घुमत असेल तर भोकावर बसणारी रबरी चकती मिळते, ती घे.

प्रश्न : जुन्या मराठी कवितांना चाल लावून गायल्या तर चालतं का? परवानगी लागते का?
– एक वाचक, परळ

उत्तर : आपल्याकडे कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, ती मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली. त्यांच्या कविता निर्धास्त गा. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, तेव्हा त्यांच्या कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. तिथे वारसांना किंवा प्रकाशकांना पत्र लिही, आणि गाण्याआधी कवीचं नाव घ्यायला विसरू नकोस. तयार गाण्यांचं कव्हर असेल तर जाहीर गायनाचा परवाना काढणं जागा चालवणाऱ्याचं काम, तुझं नव्हे. पण त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकलास तर ती बाब वेगळी.

बालकवी घेणार असशील तर सोप्या छंदातली एक छोटी कविता घे आणि मला कळव, मी परळला ऐकायला येईन.