'ईझियर टू', 'बेटर टू' अशी इंग्रजी वाक्यं बोलताना नेमकं कुठे चुकतं?

तुम्ही दोन वाक्यं दिलीयत, 'धिस ॲप इज मोअर ईझियर टू यूज इट' आणि 'आय ॲम बेटर टू कम टुमारो', आणि विचारलंय की यात हसण्यासारखं काय आहे. हसणाऱ्यांचं सोडा. पहिल्या वाक्यात दोन चुका आहेत पण किरकोळ, दुसऱ्यात एकच आहे पण ती मुळातली आहे आणि आपल्यापैकी जवळजवळ सगळेच कधी ना कधी ती करतात, त्यामुळे मी तिच्यावरच जास्त लिहिणार.

आधी 'मोअर ईझियर' उरकून टाकू. ईझियरमधल्या त्या 'इयर'मध्येच 'जास्त' येऊन गेलंय, वर परत मोअर लावला की 'जास्त अधिक सोपं' असं होतं. आपल्याला तो लावावासा वाटतो कारण रोजच्या मराठीत विशेषण हलतच नाही, 'हे त्याच्यापेक्षा सोपं', सोपं ते सोपंच राहतं आणि सगळं काम 'पेक्षा' करतो. (शेक्सपिअरच्या नाटकांत असे डबल प्रकार सापडतात, पण तो आधार आज मेल लिहिताना कामाला येणार नाही.) 'बरंच सोपं' म्हणायचं असेल तर 'मच ईझियर' किंवा 'अ लॉट ईझियर' म्हणा, 'व्हेरी ईझियर' नको. आणि फनला मात्र बिनधास्त मोअर लावा, 'इट्स मोअर फन टू प्ले दॅन टू वॉच'.

आता दुसरं वाक्य. मी स्वतः एका मीटिंगसाठी मेल लिहिला होता, 'आय विल बी मोअर कन्व्हिनियंट टू कम आफ्टर फोर'. समोरच्याने सभ्यपणे चारची वेळ कन्फर्म केली, काही बोलला नाही, आणि मला काही वर्षांनी जुने मेल चाळताना ते वाक्य दिसलं आणि तेव्हा कळलं की मी 'मी सोयीचा माणूस आहे' असं काहीतरी लिहून पाठवलं होतं. हे झालं कसं तर डोक्यात वाक्य होतं 'मला चारनंतर यायला जास्त सोयीचं आहे'. मराठीत 'मला' सुरुवातीला येतं, म्हणून इंग्रजीत लगेच 'आय' टाकून आपण मोकळे होतो. पण या 'मला'चं इंग्रजी 'आय' नाही, ते 'फॉर मी' आहे. येणं सोयीचं आहे, मी नाही. म्हणून 'इट विल बी मोअर कन्व्हिनियंट फॉर मी टू कम आफ्टर फोर'. तो सुरुवातीचा 'इट' कशाचा म्हणून शोधत बसू नका, त्याला स्वतःचा अर्थ नाही, खरा मुद्दा 'टू कम'मध्ये आहे आणि तो मागे गेलाय म्हणून पुढची खुर्ची 'इट'ने धरून ठेवलीय, एवढंच.

आता गंमत बघा. 'आय ॲम ईझियर टू कम ऑन मंडे' हे चूक, पण 'आय ॲम ईझियर टू रीच ऑन द फोन' हे एकदम बरोबर! दोन्हीत 'आय', दोन्हीत 'ईझियर टू'. मग फरक कुठे? स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, टूच्या पुढचं काम कोण करतंय? दुसऱ्या वाक्यात फोन लावणारा कोणीतरी वेगळा आहे, मी फक्त सापडणारा. ईझी, हार्ड, डिफिकल्ट, सेफ, चीप ही विशेषणं याच जातीची. यांच्या आधी जी वस्तू किंवा माणूस येतो त्याच्यावर काम होतं, तो ते करत नाही. म्हणून 'धिस रोड इज सेफर टू क्रॉस' चालतं, रस्ता ओलांडला जातो, पण 'आय ॲम सेफर टू क्रॉस हिअर' म्हणालात तर तुम्हाला कोणीतरी ओलांडून जातंय असं होईल.

आणि ईगर, विलिंग, हॅपी, रिलक्टंट यांचं बरोबर उलटं, तिथे पुढे उभा असलेला माणूसच काम करतो. 'शी इज मोअर विलिंग टू हेल्प दॅन बिफोर', मदत तीच करतेय. नोम चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञाची 'जॉन इज ईझी टू प्लीज' आणि 'जॉन इज ईगर टू प्लीज' ही जोडी यावरूनच प्रसिद्ध झाली, कारण दिसायला दोन्ही वाक्यं जुळी आणि आत पूर्ण उलटी. पहिल्यात जॉनला दुसरे खूश करतात, दुसऱ्यात जॉन दुसऱ्यांना. आपल्याकडेही 'खूश करायला सोपा' आणि 'खूश करायला उत्सुक' असंच होतं की, तोच '-ायला' दोन्हीकडे, आणि आपण कधी गोंधळत नाही. म्हणजे ही समज आपल्याकडे आहेच, ती फक्त इंग्रजी बोलताना वापरायची आठवण राहत नाही. काही शब्द तर दोन्ही घरी जेवतात, जसं क्विक. 'शी इज क्विकर टू फरगिव्ह दॅन हिम' यात माफ ती करते, पण 'द न्यू फॉर्म इज क्विकर टू फिल इन' यात फॉर्म स्वतः काही भरत नाही, भरणारे आपण.

पॉसिबलचा सापळा वेगळाच. 'तो यायची शक्यता जास्त' याचं 'ही इज मोअर पॉसिबल टू कम' करू नका, तिथे लाइकली हवा, 'ही इज मोअर लाइकली टू कम'. एवढं पाठच करा.

हे एकदा डोक्यात बसलं की तुमच्या पहिल्या वाक्यातला शेवटचा 'इट' आपोआप खटकायला लागेल. ॲप वापरलं जातंय, ते वाक्याच्या सुरुवातीला येऊन बसलंय, मग मागे परत 'इट' कशाला? 'धिस ॲप इज ईझियर टू यूज', बास. पण 'टू'सारखा शब्द शेवटी उरत असेल तर तो मात्र कापायचा नाही. 'ही इज ईझियर टू टॉक टू', 'धिस पेन इज नाइसर टू राइट विथ'. शेवटचा टू किंवा विथ लोंबकळल्यासारखा दिसतो म्हणून बरेच जण तो उडवतात, आणि मग 'ही इज ईझियर टू टॉक' असं अर्धवट वाक्य उरतं.

बेटरचं जरा सांभाळून. 'इट इज बेटर टू लीव्ह नाऊ' हा सल्ला झाला, आत्ता निघालेलं बरं. 'यू'ड बेटर लीव्ह नाऊ' यात टू नाही आणि सूरही वेगळा आहे, 'नीघ, नाहीतर बघ' असा. मित्राला ठीक आहे, बॉसला मेलमध्ये 'यू'ड बेटर रिप्लाय बाय फाइव्ह' लिहू नका, धमकी वाटते. तुमचं उद्याचं वाक्य 'इट वुड बी बेटर फॉर मी टू कम टुमारो' असं होईल, पण खरं सांगू का, इतकं लांब कोणी बोलत नाही, 'टुमारो वर्क्स बेटर फॉर मी' म्हणा आणि सुटा.

राहिलं 'दॅन'नंतर परत टू लावायचा का, हे तुम्ही शेवटी विचारलंय ते. लावला तरी चालतं, नाही लावला तरी चालतं, 'इट्स चीपर टू रिपेअर इट दॅन टू बाय अ न्यू वन' आणि 'दॅन बाय अ न्यू वन' दोन्ही ऐकाल. वाक्य लांब असेल तर मी लावतो, ऐकणाऱ्याला जोडी पटकन कळते. एका ठिकाणी मात्र तो लागतोच, 'आय नो बेटर दॅन टू आर्ग्यू विथ हिम', म्हणजे त्याच्याशी वाद घालण्याइतका मी खुळा नाही. हे वाक्य उद्या ऑफिसात वापरून बघा, बघू कोण हसतं ते.