अंदमानच्या प्रवाळात स्नॉर्केलिंग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवाळीनंतरची अंदमानची तिकिटे काढलेल्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) आणि नील (आता शहीद द्वीप) इथल्या स्नॉर्केलिंगबद्दल (मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर पालथे तरंगत खालचे प्रवाळ पाहणे) त्यांत सर्वाधिक विचारणा आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

मला जाड मिशी आहे. मागच्या सहलीत मास्कमध्ये सारखे पाणी शिरत होते आणि काच धुरकट होत होती. पट्टा कितीही आवळला तरी फरक पडला नाही. (नाशिक)

पट्टा आवळल्यामुळेच जास्त पाणी शिरले असण्याची शक्यता आहे. मास्कची सिलिकॉनची झालर चेहऱ्याला हलकी टेकली की बाहेरच्या पाण्याचा दाबच तिला धरून ठेवतो. पट्टा ताणला की झालर दुमडते आणि त्या दुमडीतून पाणी आत येते. मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकासा श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क जागेवर राहिला तर माप बरोबर. भाड्याच्या दुकानात तीन-चार मास्क असे लावून पाहायला संकोचू नका. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर हवा. झालरीखाली एकही केस नको. मिशी पूर्ण काढायची गरज नाही. नाकाच्या अगदी खालची तीन-चार मिलिमीटरची पट्टी साफ केली की झालरीला टेकायला कातडी मिळते.

धुरकटपणाचे कारण वेगळे. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) काचेला आतून दोन-तीन मिनिटे चोळा, धुवा आणि हेच दोन-तीनदा करा. भाड्याच्या मास्कला कोरड्या काचेवर आतून थुंकी चोळायची आणि समुद्रात एकदाच बुचकळून लगेच लावायचा. मधल्या विश्रांतीत मास्क कपाळावर चढवू नका, गळ्यात उतरवा; कपाळाच्या घामाने काच पुन्हा धुरकटते. नाकाने श्वास सोडत राहिलात तरी तेच होते.

चष्म्याचा नंबर उणे ४ आहे. काय करावे? (ठाणे)

नंबरच्या काचा बसवलेला तयार मास्क मिळतो, तो इथूनच घेऊन जा. पाण्याखाली वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठ्या आणि पाऊण अंतरावर असल्यासारख्या दिसतात, त्यामुळे उणे दीडपर्यंतच्या मंडळींचे सहसा साध्या मास्कवर भागते. तुमचे भागणार नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरणे डोळ्यांच्या संसर्गाच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

मला पोहता येत नाही. सोबत ६४ वर्षांची आई आहे, तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. आम्ही उतरावे का? पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आम्हाला सोपा पडेल ना? (सोलापूर)

तुम्ही उतरू शकता : लाइफ जॅकेट, तरंगती रिंग आणि सोबत गाइड, या तिन्ही गोष्टी असतील तर. आईंनी आधी डॉक्टरांना विचारावे. पाण्यात शरीर बुडाले की हातापायांतले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो. नळीतून श्वास घेताना फुप्फुसांनाही जास्त जोर लागतो. पाण्यात धाप लागली तर ‘थोडे दमलो’ म्हणून सोडून देऊ नये. पाठीवर वळायचे, नळी तोंडातून काढायची, हात वर करून गाइडला बोलवायचे आणि बाहेर यायचे.

पूर्ण चेहऱ्याचा मास्क आम्ही सुचवत नाही. त्यात सोडलेली हवा साठून पुन्हा आत घेतली जाण्याचा धोका असतो, पाणी शिरले तर ते फुंकून काढता येत नाही आणि घाबरल्यावर तो चटकन निघत नाही.

निघण्याआधी आठवडाभर घरीच बादलीवर सराव करा. मास्क लावा, नळीचा रबरी भाग ओठ आणि हिरड्यांच्या मधे धरा, त्यावरचे दोन उंचवटे दातांत हलके पकडा आणि तोंड पाण्यात घालून सावकाश, खोल श्वास घ्या. उथळ, भरभर श्वास घेतला तर नळीतली वापरलेली हवाच आत-बाहेर फिरते. मग नळीत मुद्दाम पाणी जाऊ द्या आणि ‘थू’ म्हणताना जशी झटक्यात हवा सोडतो तशी फुंकर मारून ते उडवा. त्यानंतरचा पहिला श्वास हळू घ्या, तळाशी थोडे पाणी उरलेले असते.

नीलला ओहोटीच्या वेळी कमरेइतकेच पाणी असते. न पोहणाऱ्यांना तीच वेळ बरी ना? (कोल्हापूर)

नाही, तीच सगळ्यांत वाईट. पाय टेकता येतात म्हणून माणूस उभा राहतो, आणि पायाखाली असतो प्रवाळ. फांद्यांचा प्रवाळ कडकन मोडतो. पायाला कापते ते वेगळेच. शिवाय फटींत काटेरी समुद्री साळिंदर आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश असतो. प्रवाळाच्या माथ्यावर किमान दीड मीटर पाणी हवे, म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दीड-दोन तास धरा. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब तिथे चालणार नाही, पोर्ट ब्लेअरचे (आता श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचे कोष्टक पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला पाणी फारच उतरते.

पाण्यात पालथे, आडवे राहायला शिका. नजर थोडी पुढे ठेवा, सरळ खाली नको. पाय कमरेपासून हलवा. सायकल चालवल्यासारखे मारले की शरीर उभे होते आणि फिन्स (पायांत घालायची रबरी वल्ही) प्रवाळावर आपटतात. थांबायचेच असेल तर वाळूचा मोकळा पट्टा शोधा. आणि अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तेव्हा सूचनाफलक आणि जीवरक्षक जिथे नको म्हणतील तिथे उतरू नका.

फोटोतले गुलाबी-जांभळे प्रवाळ दिसलेच नाहीत, सगळे तपकिरी होते. मेले आहेत का? (पुणे)

तपकिरी म्हणजे बहुधा जिवंत. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हात अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. या शैवालाचा रंग सोनेरी-तपकिरी, म्हणून निरोगी प्रवाळ बराचसा तपकिरी, मातकट किंवा हिरवट दिसतो. त्यात पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते. पाच मीटरवर लाल वस्तू जवळजवळ करडी वाटते. फोटोतला भडकपणा बऱ्याचदा फ्लॅशचा किंवा फिल्टरचा असतो.

काळजी पांढऱ्याची करावी. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी काही आठवडे तापलेले राहिले तरी प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पारदर्शक अंगातून चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. तो तेव्हा मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर सावरतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असे मोठे विरंजन झाले. मेलेल्या सांगाड्यावर हिरवट-करडे केसाळ शैवाल चढते.

मात्र शिंगांसारख्या फांद्यांची फक्त टोके पांढरी दिसली तर घाबरू नका. ते वाढीचे टोक असते, तिथे शैवाल अजून पुरते भरलेले नसते. गोल खडकासारखा पोराइटिस नावाचा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे मीटरभर उंचीचा दिसला तर तो शंभरीच्या आसपासचा. त्याच्यावर निळे, पिवळे, नारिंगी इवलेसे तुरे दिसतील. ते ख्रिसमस ट्री वर्म नावाचे कृमी. सावली पडली की क्षणात प्रवाळातल्या आपल्या नळीत शिरतात. स्तब्ध तरंगत राहिलात तर थोड्या वेळाने पुन्हा उलगडतात. हे पाहायला घाई नको. एका जागी दहा मिनिटे थांबणाऱ्याला सगळा किनारा पोहून आलेल्यापेक्षा जास्त दिसते.

सनस्क्रीनने प्रवाळाला खरेच अपाय होतो का? (नागपूर)

ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने अपायकारक मानली जातात. हवाईत ती असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडचे घ्या. त्याहून उत्तम म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि पायघोळ लेगिंग. पालथे पोहताना पोटऱ्या आणि गुडघ्यांमागची त्वचा सर्वाधिक भाजते. माशांना ब्रेड मात्र घालू नका, कोणी हातात दिला तरी. त्यांची चरण्याची सवय मोडते आणि ते माणसांना चावे घेऊ लागतात.

प्रवाळाने खरचटले तर? आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडा आठवण म्हणून आणावा का? (रत्नागिरी)

जखम छोटी दिसली तरी आत प्रवाळाचे कण राहतात आणि ती चिघळते. स्वच्छ पाणी आणि साबणाने चोळून धुवा, कण चिमट्याने काढा, जंतुनाशक लावा. लाली पसरली किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. स्टोनफिशचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, पाय बुडवून ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

तुकडा आणू नका. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे आणि मेलेला तुकडा बाळगणेही गुन्हा ठरतो. विमानतळावर सामान तपासले जाते.

स्नॉर्केलिंगनंतर त्याच दिवशी विमानाने परतता येते का? (बेळगाव)

येते. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी मारणे) केले असेल तर नाही : एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून अधिक झाल्या असतील तर १८ तास जाऊ द्यावे लागतात. म्हणून स्कूबा सहलीच्या सुरुवातीला उरका आणि शेवटची सकाळ स्नॉर्केलिंगला ठेवा. तिथे पाचच्या सुमारास उजाडते, वाराही पडलेला असतो; भरती जुळत असेल तर सहा वाजता पाण्यात असा.