उतार चकाकतो, तरी वस्तरा केस का ओढतो?

प्रश्न : जुना वस्तरा १०००, ४००० आणि ८००० नंबरच्या दगडांवर पाजवला. साठ पटींच्या भिंगातून धारेचा उतार, म्हणजे कडेलगतचा घासलेला तिरका पट्टा, आरशासारखा दिसतो. तरी दाढी करताना केस ओढले जातात, पात्याच्या टोकाकडे जास्तच. काय राहिलं असेल?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण उताराची चकाकी पाहत आहात, पाहायची असते ती त्याची शेवटची कड. दोन्ही बाजूंचे उतार धारेवर एकमेकांना भिडले नसतील, तर ८००० चा दगड त्यांना नुसता चमकवतो. तेवढं पोलाद काढणं तिघांतल्या सर्वांत खरखरीत १००० च्याच हातचं. तिथेच परत जावं लागेल.

आधी भिंग बाजूला ठेवा. वस्तरा धार वर करून दिव्याखाली धरा आणि सावकाश कलवत थेट धारेकडे बघा. धार लागलेल्या भागावरून उजेड परतत नाही. जिथे बारीक पांढरी रेघ लकाकते, तिथे ती अजून बोथट आहे. मग दोन्ही उतारांवर पर्मनंट मार्करची शाई लावा आणि ओल्या दगडावर भार न देता चार-पाच हात फिरवा. शाई फक्त टोकाकडे उरली, तर तिथे पातं दगडाला टेकतच नाही. बहुधा धार किंचित कमानदार असते. हात तिरका ओढत नेताना शेवटी टोक अलगद टेकवा. धारेलगत सगळीकडेच शाई उरली, तर वस्तऱ्याच्या पाठीवर, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेवर, चिकटवतात ती टेप आठवा : आधी टेप लावून पाजवलं आणि मग ती काढली, की कोन कमी होतो आणि दगड धारेच्या मागेच घासतो. पात्याच्या मध्यभागीच शाई उरली, तर दगड खोलगट झालेला असतो. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर सगळ्या रेघा पुसेपर्यंत घासा.

आता भिंग. १००० चे ओरखडे समांतर आणि अखंड हवेत, थेट कडेपर्यंत गेलेले. जपानी दगडात १००० चा कण साधारण ११-१२ मायक्रॉनचा, ८००० चा एकाच्या थोडा वर. म्हणून १००० चा एक जरी ओरखडा कडेला पोचलेला राहिला, तरी तिथे धारेला दाता उरतो, आणि केस ओढला जातो तो त्यामुळेच. ४००० वर हात थोडा वेगळ्या तिरप्यात चालवा, म्हणजे जुने ओरखडे आडवे पडून लगेच ओळखू येतील. एक काळजी घ्या : उजेड ओरखड्यांच्याच दिशेने आला तर ते दिसेनासे होतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. दिवा बाजूला ठेवून पातं फिरवून बघाच.

प्रश्न : कडेवर चकचकीत तुटक रेघ आणि काही काळे ठिपके दिसतात. दगड खराब आहे का?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : दगडाचा दोष नाही. ती रेघ म्हणजे भार देऊन घासल्याने उभी राहिलेली बर, म्हणजे कडेवर लोंबणारी पोलादाची पातळ किनार. वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनावर, एक हात या बाजूने, एक त्या बाजूने, असे दहा-पंधरा हात द्या. रेघ जागा बदलते की कमी होते, ते दर दोन-तीन हातांनी बघा. काळे ठिपके गंजाचे खड्डे. उजेड कुठूनही टाकला तरी ते काळेच राहतात. कडेपासून दूर असतील तर सोडून द्या; कडेवरच असतील तर १००० वर त्यांच्या मागेपर्यंत धार न्यावी लागेल, दुसरा इलाज नाही.

प्रश्न : भिंग किती पटींचं घ्यावं?

उत्तर : सराफ वापरतात ते दहा पटींचं आधी घ्या, पूर्ण धार त्यातूनच तपासायची. साठ पटींचं फक्त शंकेच्या जागेसाठी, कारण त्यात हात जरा हलला की चित्र धूसर होतं. तयार धारेची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कमी असू शकते, ती कुठल्याच भिंगात दिसत नाही. ८००० नंतर चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस-पन्नास हात देऊन मनगटावरचा केस, पातं कातडीला न टेकता, वरच्यावर तुटतो का पाहा. धार नखावर ओढून बघण्याची सवय १००० पर्यंतच ठेवा. त्यापुढे तिने कड मोडते.