लाइव्ह लूपिंग करताना रिव्हर्ब आणि डिले मिक्सरमधून कसे जोडावेत? (कोल्हापुरात छोट्या सभागृहात डफ आणि गायन यांचे लूप रचायचे आहेत.)
लूपर (वाजवलेले नोंदवून पुन्हा पुन्हा ऐकवणारे यंत्र) ऑक्स १ वर आणि इफेक्ट (रिव्हर्बचा घुमारा किंवा डिलेचा प्रतिध्वनी देणारे यंत्र) ऑक्स २ वर जोडावा; ऑक्स म्हणजे प्रत्येक चॅनेलचा आवाज हवा तितका वेगळ्या यंत्राकडे पाठवणारी मिक्सरवरील वाट, आणि दोन्हींचे आउटपुट मिक्सरच्या स्वतंत्र चॅनेलवर परत आणावे. मग इफेक्टच्या चॅनेलवरील ऑक्स १ उघडला की रिव्हर्ब लूपमध्ये नोंदला जातो आणि बंद ठेवला की तो केवळ श्रोत्यांना ऐकू येतो. शाहिरी कार्यक्रमांची ध्वनियोजना सांभाळताना मी हीच जोडणी वापरतो. लूपरच्या चॅनेलवरील ऑक्स १ आणि इफेक्टच्या चॅनेलवरील ऑक्स २ मात्र शून्यावरच असावा, अन्यथा आवाज स्वतःकडेच फिरत राहून शिट्टी सुरू होते. याहून अधिक फसवी चूक अशी, की लूपरच्या चॅनेलचा ऑक्स २ आणि इफेक्टच्या चॅनेलचा ऑक्स १ एकाच वेळी उघडे राहतात. तेव्हा लूप इफेक्टमार्गे पुन्हा लूपरमध्ये शिरतो आणि प्रत्येक ओव्हरडबला (आधीच्या लूपवर नवा थर चढवताना) अधिक गढूळ होत जातो.

इफेक्टचे मिक्स १०० टक्के ठेवावे, म्हणजे त्यातून मूळ आवाज न येता फक्त इफेक्ट येईल, आणि लूपरमधून मूळ आवाज पुढे जाणे बंद करावे, नाहीतर तोच आवाज दोनदा ऐकू येतो. लूपर किंवा इफेक्टचे पेडल गिटारच्या पातळीसाठी बनवलेले असल्यास ऑक्सची पातळी कमीच ठेवावी, कारण डफाची थाप चटकन फाटते.

अनेक लहान मिक्सरमध्ये अंगभूत इफेक्ट थेट मुख्य आउटपुटला जातो आणि ऑक्सवर पाठवता येत नाही. तिथे लूपमध्ये रिव्हर्ब हवा असल्यास वेगळे इफेक्ट युनिट लागेल.